बिबट्या काय खातो, काय खात नाही

आपल्या म्हणींनी प्राण्यांचा आहार फार पूर्वीच ठरवून टाकला आहे. वाघ उपाशी मरेल पण गवत खाणार नाही. कोल्हा काकडीला राजी. आणि वाघ म्हटले तरी खातो, वाघोबा म्हटले तरी खातो. यातली कोल्ह्याची म्हण रचणारा माणूस नक्की शेतकरी असणार, कारण ती अगदी खरी आहे. कोल्हा उंदीर-घुशी खातो, तशीच बोरे, मका, कलिंगड आणि काकडीही खातो. नारायणगावच्या बाजूला गेल्या तीस-चाळीस वर्षांत द्राक्षबागा झाल्या, तेव्हापासून त्याला द्राक्षेही आंबट लागत नाहीत. वाघाची म्हण मात्र एखाद्या दरबारी भाटाने केलेली दिसते. वाघ गवत खातो. पोट बिघडले, केसांचा गोळा अडकला की खातो आणि त्याच्या विष्ठेत ते तसेच सापडते. आपला स्वाभिमान वाघावर लादण्याची आपल्याला जुनी हौस, त्याला वाघ काय करणार?

तिसऱ्या म्हणीचा विचार मात्र सध्या हसत हसत करता येत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात बिबट्यांच्या हल्ल्यांवर चर्चा झाली. वनमंत्री गणेश नाईक यांनी तिथे एक हिशेब मांडला. बिबट्याच्या हल्ल्यात माणूस दगावला तर सरकार वारसांना २५ लाख रुपये देते. चार माणसे गेली की एक कोटी. त्यापेक्षा एक कोटीच्या शेळ्याच जंगलात सोडल्या तर बिबटे वस्तीकडे येणार नाहीत, असा तो हिशेब. वर्तमानपत्रांतून यावर पुष्कळ विनोद झाले. व्यंगचित्रे निघाली. मी विनोद केला नाही, कारण शेळी, बिबट्या आणि सरकारी पैसा या तिन्हींशी माझा एके काळी रोजचा संबंध होता.

१९८६ साली मी सव्वीस वर्षांची होते आणि एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या जुन्नर तालुक्यातल्या शाखेत शेती अधिकारी म्हणून रुजू झाले होते. तो एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचा जमाना. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला दहा शेळ्या आणि एक बोकड असे एक ‘युनिट’ कर्जाऊ द्यायचे, एक तृतीयांश अनुदान सरकारचे, बाकीचे हप्त्याने फेडायचे. शेळ्यांचा विमा उतरवलेला असायचा आणि प्रत्येक शेळीच्या कानात क्रमांकाचा पितळी बिल्ला. शेळी मेली तर बिल्ल्यासकट कान कापून आणायचा. कान हाच मृत्यूचा दाखला. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात मीठ लावलेले कान पुडीत बांधून ठेवलेले असत. शहरातून आलेली एक मैत्रीण एकदा त्या खणात स्टेपलर शोधायला गेली आणि पुन्हा कधी शाखेत आली नाही.

एके दिवशी एक म्हातारी आली. चार शेळ्या गेल्या म्हणाली. मी सवयीने विचारले, “कान आणलेत का?” ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “आवं ताई, वाघानं न्येली. त्यो काय कान ठिवून जातो व्हय?”

तिकडे तेव्हाही बिबट्याला वाघच म्हणत. दोन शेळ्यांचा पत्ताच नव्हता, एकीची उसात आतडी आणि कोथळा सापडला होता आणि चौथीचे मुंडके कुत्र्यांनी पळवले होते. मी तिचा अर्ज नीट लिहून, पोलीस पाटलाचा दाखला जोडून विमा कंपनीकडे पाठवला. दीड महिन्याने उत्तर आले : कान नाही, सबब दावा नामंजूर. कर्ज थकबाकीत गेले. पुढच्या वर्षी वसुलीच्या जीपमध्ये बसून मीच तिच्या दारात गेले. तिने चहा दिला. त्या चहाची चव अजून माझ्या तोंडातून गेलेली नाही.

हे सांगितले ते एवढ्यासाठी, की बिबट्याचे आणि शेळीचे नाते आज-काल जुळलेले नाही. आणि दुसरे म्हणजे, तो बिबट्या तेव्हाही ‘जंगलातून’ आलेला नव्हता.

मंत्र्यांच्या हिशेबातली खरी चूक इथे आहे, आणि ती एकट्या त्यांची नाही. बिबटे जंगलात राहतात, तिथले भक्ष्य संपले की भुकेने गावात येतात, हे आपण सगळेच धरून चाललो आहोत. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात जन्मलेल्या बहुतेक बिबट्यांनी जंगल पाहिलेलेच नाही. कुकडी प्रकल्पाची धरणे झाली, कालवे आले, बाजरी आणि हुलग्याच्या जागी ऊस उभा राहिला. ऊस बारा ते अठरा महिने शेतात असतो. आत गारवा, शेजारी पाणी आणि लागणीनंतर काही महिन्यांनी माणूस त्यात शिरतही नाही. बिबट्याच्या मादीला पिले घालायला यापेक्षा बरे बाळंतघर कोणते? उसाची तोड सुरू झाली की पिले सापडतात, हे तिथे दर हिवाळ्यात ठरलेले. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले लोक ती पिले खोक्यात घालून रात्री त्याच जागी ठेवतात आणि आई येऊन घेऊन जाते. म्हणजे आपण ज्याला ‘घुसखोर’ म्हणतो तो तिथला भूमिपुत्र आहे. त्याला बोलावून आणायला जंगलात शेळ्या बांधणे म्हणजे पुण्यात जन्मलेल्या माणसाला, तुझे मूळ गाव कोकणात, तिकडे जेवण वाढले आहे, म्हणून सांगण्यासारखे आहे.

मग हा उसातला बिबट्या खातो काय?

याचे उत्तर शोधण्याची रीत मोठी साधी आणि थोडी किळसवाणी आहे. बिबट्या शिकार केसांसकट खातो, पण केस त्याला पचत नाहीत. ते विष्ठेतून बाहेर पडतात. विष्ठा गोळा करायची, धुवायची, वाळवायची आणि केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. शेळीचा केस वेगळा, कुत्र्याचा वेगळा, उंदराचा वेगळा. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम अकोले तालुक्यात केले. अकोले तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. हे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. वजनाच्या हिशेबाने बिबट्याच्या आहारातला ८७ टक्के भाग पाळीव किंवा माणसाच्या आसऱ्याने राहणाऱ्या जनावरांचा होता. त्यात सर्वांत मोठा वाटा कोणाचा? शेळीचा नव्हे. कुत्र्याचा, ३९ टक्के. त्यानंतर मांजर, १५ टक्के. शेळीचा वाटा फक्त ११ टक्के. आणि त्या भागात शेळ्या किती, तर कुत्र्यांच्या सातपट!

या आकड्यावर मी बराच वेळ थांबले. सातपट शेळ्या असताना बिबट्या कुत्रे का खातो? त्याला कुत्र्याची चव जास्त आवडते म्हणून नव्हे. शेळी रात्री कुडाच्या, दगडाच्या, पत्र्याच्या आत असते. तिच्यावर कर्ज असते, तिच्यावर मुलीच्या लग्नाचा बेत असतो, घरातले कोणीतरी तिच्याजवळ झोपते. कुत्रा बाहेर असतो. रात्रभर रस्त्यावर, उकिरड्यावर, कोंबड्यांच्या शेडमागे टाकलेल्या पिसांत तो मोकळा फिरतो. बिबट्या निवड करतो ती जिभेने नव्हे, कष्टाने. जे कमी श्रमात, कमी धोक्यात मिळते ते खातो. त्याच्या जातीच्या आहारावर जगभर झालेल्या अभ्यासांचा २००६ साली एकत्र आढावा घेतला गेला, त्यात असे दिसले की त्याला साधारण १० ते ४० किलो वजनाची शिकार सोयीची पडते. गावठी कुत्रा त्यात चपखल बसतो. शेळीही बसते. गाय-म्हैस बसत नाही, म्हणून मोठ्या गुरांना तो सहसा हात लावत नाही, वासरांना लावतो. शिवाय गरज पडली तर उंदीर, मुंगूस, खेकडे, पक्षी, काहीही. वाघाचे तसे नाही. त्याला सांबर, रानगवा अशी मोठी जनावरे लागतात, दाट जंगल लागते, म्हणून वाघ उसात संसार मांडत नाही आणि बिबट्या मांडतो. सगळा फरक पोटाच्या मापाचा आहे.

त्याच अकोल्यात कॅमेरे लावून झालेल्या पाहणीत दर १०० चौरस किलोमीटरमागे जवळजवळ पाच मोठे बिबटे आढळले, आणि तितकीच तरसे. माणसे चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त. तरसांची कोणी तक्रार करत नाही, त्यांच्यावर अधिवेशनात चर्चा होत नाही. तरस मुख्यतः मेलेले खाते, हाडेसुद्धा चावून पचवते. पोटाला काय लागते यावर प्राण्याची अब्रू ठरते ती अशी.

आता शेळ्यांचा हिशेब करू. जुनी सवय जात नाही. शेळीची किंमत दहा हजार धरा, तर एका कोटीत एक हजार शेळ्या. देशातल्या बिबट्यांची जी गणना २०२२ साली झाली आणि जिचा अहवाल २०२४ मध्ये आला, त्यात महाराष्ट्रात १,९८५ बिबटे धरले आहेत, आणि त्यात उसातले बिबटे नीट आलेले नाहीत, कारण ती मोजणी प्रामुख्याने जंगलातली. तरी तोच आकडा धरा. प्रत्येक बिबट्याच्या वाट्याला अर्धी शेळी. पंचवीस किलोच्या शेळीत खाण्याजोगे पंधराएक किलो, बिबट्याला रोजचे सरासरी तीन-चार किलो, म्हणजे अर्धी शेळी दोन दिवसांची. तिसऱ्या दिवशी काय? वर्षभर पुरवायचे म्हटले तर एका बिबट्याला सत्तरच्या वर शेळ्या, सगळ्यांना मिळून सुमारे एक लाख पंचेचाळीस हजार. १४५ कोटी रुपये, दरवर्षी. असा कर्जप्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता तर मी तो साहेबांपर्यंत जाऊच दिला नसता.

आणि शेळ्या जंगलात थांबतील असे कोणी सांगितले? शेळी हा घरोबा करणारा प्राणी आहे. ती संध्याकाळी गावाच्या दिशेने चालू लागेल आणि बिबट्या तिच्या मागोमाग. जंगलात राहिली तर रोपटी ओरबाडून खाईल, भेकर-चितळांचा पाला संपवील. शेळ्यांचा पीपीआर हा रोग जंगली जनावरांत शिरण्याची भीती वेगळी. मंगोलियात २०१६-१७ मध्ये तो पाळीव कळपांतून सायगा हरणांत गेला आणि ती हजारोंनी मेली. बरे, असा प्रयोग आपल्याकडे झालेलाच नाही असेही नाही. २००४ साली मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाभोवती बिबट्यांनी लागोपाठ माणसे मारली, तेव्हा उद्यानात डुकरे आणि ससे सोडण्याचा उपाय केला गेला होता. वीस वर्षांत आपण डुकरावरून शेळीवर आलो.

तरी मंत्र्यांच्या बोलण्याचा मथितार्थ मी टाकून देणार नाही. माणूस मेल्यावर पैसे वाटण्यापेक्षा आधी खर्च करा, हे त्यांचे म्हणणे बरोबरच आहे. प्रश्न एवढाच, की कशावर?

कारण माणसे खरोखर मरत आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत तीन जीव गेले. एक पाच-सहा वर्षांची मुलगी, एक ऐंशी पार केलेली आजी, एक तेरा वर्षांचा मुलगा. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला, वनखात्याची गाडी जाळली. शेवटी नेमबाज बोलावून एका बिबट्याला गोळी घालण्यात आली. त्यानंतर एक छायाचित्र सगळीकडे आले. शेतात काम करणाऱ्या बायकांच्या गळ्यात बाहेरून खिळे काढलेले पट्टे. असे पट्टे मी पूर्वी पाहिले होते. धनगर आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात ते घालतात, लांडग्या-बिबट्याने नरडे धरू नये म्हणून. कुत्र्याचा पट्टा माणसाच्या गळ्यात आला, आणि तो कोणी सक्तीने घातला नव्हता, बायकांनी आपण होऊन घातला होता.

१० ते ४० किलो हा आकडा मी वर सहज लिहून गेले. पाच वर्षांचे मूल सोळा-सतरा किलोचे असते. ओट्यावर बसलेले, शौचाला बसलेले, आईच्या मागे खुरपायला वाकलेले मूल अंधारात बिबट्याला काय दिसत असेल, याचा विचार करवत नाही, पण करायला हवा. माणूस हे बिबट्याचे नेहमीचे खाद्य नाही. तसे असते तर एवढ्या दाट वस्तीत रोज बळी गेला असता. उभ्या माणसाला तो टाळतो, शेकडो वेळा टाळतो, आपल्याला कळतही नाही. पण त्याच्या ‘खात नाही’ला कायद्याच्या कलमासारखा अर्थ नाही. ती सवय आहे आणि सवय मोडू शकते. चंद्रपूरकडे वाघाच्या बाबतीत हेच दिसते. मे २०२५ मध्ये सिंदेवाही भागात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघिणीच्या तावडीत सापडल्या. पाने तोडणारी बाई वाकलेली असते, आणि वाकलेला माणूस चार पायांचा दिसतो असे जाणकार सांगतात. मोहफुले वेचताना अस्वलाशी गाठ पडते तिथे मामला आणखी निराळा. अस्वलाला माणूस नकोच असतो, त्यालाही फुलेच हवी असतात. दोघांचे ताट एक, म्हणून मारामारी.

सवय कशाने मोडते, याचे एक उत्तर जुन्नरनेच दिलेले आहे आणि ते फार महाग पडलेले उत्तर आहे. २००१ नंतर तिथे बिबटे पिंजऱ्यात पकडून दूरच्या जंगलांत नेऊन सोडण्याची मोहीम जोरात झाली. हेतू चांगलाच. या मोहिमेचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. १९९३ ते २००१ या काळात जुन्नर वनविभागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. मोहीम सुरू झाल्यावर ते १७ झाले. हल्ल्यांत माणूस दगावण्याचे प्रमाणही १८ टक्क्यांवरून दुप्पट, ३६ टक्के झाले. अनोळखी मुलखात टाकलेले, पिंजऱ्यात घाबरलेले, जखमी झालेले जनावर काय खाईल आणि कोणावर धावेल याचा भरवसा राहत नाही. शिवाय ते तिथे थांबतही नाही. २००९ साली टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढून माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या गळ्यातल्या यंत्रासकट महिनाभरात सुमारे सव्वाशे किलोमीटर चालून थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाजवळ पोचला होता. वाटेत त्याने एकाही माणसाला त्रास दिला नाही. पुढे २०११ मध्ये महामार्गावर वाहनाखाली तो मेला. त्याच्यावर मराठीत चित्रपटही निघाला. चित्रपट लोकांनी पाहिला, पण गावात बिबट्या दिसला की पहिली मागणी आजही पिंजऱ्याचीच असते. घाबरलेल्या आईबापांना मी त्याबद्दल दोष देणार नाही. एखाद्या विशिष्ट जनावराने माणसाला धरायला सुरुवात केली असेल तर त्याला पकडलेच पाहिजे, आणि नाइलाज झाला तर मारलेही पाहिजे. पण दिसला म्हणून पकडला आणि नेऊन दुसऱ्याच्या गावाजवळ सोडला, हा उपाय नव्हे. आम्ही बँकेत याला ‘बुडीत खाते दुसऱ्या शाखेत वर्ग करणे’ म्हणत असू.

आता नवे उपाय चर्चेत आहेत. मोजक्या माद्यांची प्रायोगिक नसबंदी, कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतून बिबट्याला दुसरीत टाकणे, जास्तीचे बिबटे बाहेर पाठवणे. नसबंदीचा परिणाम दिसायला वर्षे लागतील. त्या काळात ओट्यावरचे मूल वाढणार आहे.

मला जास्त गुंतागुंतीचा वाटतो तो कुत्र्यांचा प्रश्न. बिबट्याच्या ताटातला मोठा घास कुत्रा आहे म्हटल्यावर सरळ वाटते, कुत्रे हटवा, बिबटे हटतील. २०२५ मध्ये भटक्या कुत्र्यांवरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जो गदारोळ झाला, त्यात हा मुद्दा फारसा कोणी काढला नाही. मुंबईच्या उद्यानाभोवतालचे बिबटे वर्षाला सुमारे १,५०० कुत्रे खात असावेत आणि त्यामुळे कुत्रे चावण्याचे हजारभर प्रसंग टळत असावेत, असा अंदाज २०१८ च्या एका अभ्यासाने मांडला होता. म्हणजे शहरात बिबट्या नकळत महापालिकेचे काम करतो. पण उसाच्या पट्ट्यात कुत्रे एकदम नाहीसे झाले तर तो उपाशी बसेल की शेळीच्या कुडाला धडका देईल? आणि कुत्रा भुंकतो म्हणून घर जागे होते, त्याचे काय? कुत्रा बिबट्याला घराजवळ आणतो आणि कुत्राच घराला सावधही करतो. दोन्ही खरे आहे. कुत्र्यांची संख्या हळूहळू, उकिरडे आणि कोंबडी-कचरा बंद करूनच उतरवावी लागेल. एका रात्रीत नव्हे.

आणि एवढे कुत्रे आले कुठून? माझ्या नोकरीच्या सुरुवातीला गावाबाहेर मेलेल्या बैलावर गिधाडांची झुंबड मी डोळ्यांनी पाहिली आहे. तासाभरात सांगाडा उरे. पुढे गुरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक हे औषध सर्रास टोचले जाऊ लागले. असे औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. जनावरांसाठी त्यावर बंदी आली २००६ मध्ये, तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडे जवळपास संपली होती. मढी पडून राहू लागली, ती कुत्र्यांनी खाल्ली. गिधाडे गेल्यामुळे देशात कुत्र्यांची संख्या सुमारे ५५ लाखांनी वाढली असावी, असा २००८ मधला एक हिशेब आहे. बैलाच्या गुडघेदुखीवरचे इंजेक्शन कुठे आणि उसातला बिबट्या कुठे! पण मधली साखळी पोटांचीच आहे.

शेतकऱ्याला मात्र ही सगळी साखळी न शिकताच कळते. विदर्भ-मराठवाड्यात रानडुकरांना अटकाव म्हणून पिकाच्या कडेने काटेरी करडई लावतात. कोकणात वानर-माकडांपुढे हात टेकलेले काही बागायतदार हळदीकडे वळले, कारण हळदीला ती शिवत नाहीत. दोडामार्गात हत्तींपुढे मात्र काहीच चालत नाही. त्याला माड, केळ, भात, बांबू सगळेच चालते आणि त्याच्या दिवसाच्या खुराकात एखाद्या गरिबाची बाग जाते. जनावर काय खात नाही हे ओळखून शेती करणे ठीक, पण शेवटी माणसालाही काहीतरी खायचे असतेच ना!

या जानेवारीत मी जुन्नरच्या त्या गावी गेले होते. म्हातारी जाऊन पंचवीस वर्षे झाली. तिचा नातू आता पंचेचाळिशीचा आहे. त्याने मला ओळखले नाही, पण आजीच्या तोंडून ‘कान मागणाऱ्या ताई’ ऐकल्या होत्या म्हणाला. मी खाली बघितले. तो हसला आणि गोठा दाखवायला घेऊन गेला. सहा शेळ्या. चारी बाजूंनी दोन इंची लोखंडी जाळी, वरूनही जाळी, खाली फूटभर काँक्रीट, दाराला आतून-बाहेरून कडी, बाहेर सौरदिवा. तीन वर्षांपूर्वी एका कालवडीसह दोन शेळ्या गेल्यावर त्याने हे केले. वनखात्याची भरपाई मिळाली, बाजारभावाच्या पाऊण किमतीच्या हिशेबाने, सात महिन्यांनी. आता पंचनाम्याला कान लागत नाही, मोबाइलमधला फोटो चालतो. जाळी केल्यापासून बिबट्या दोनदा गोठ्याभोवती फिरून गेला, चिखलात पंजे उमटले होते. आत काही करता आले नाही.

“खर्च किती आला?” मी विचारले.

“पंचवीस हजार. उसनवारी करून केलं.”

मी मनात भागाकार केला. एक कोटीत चारशे गोठे.

पण त्याला माझ्याशी बोलायचे होते ते निराळ्याच गोष्टीसाठी. रात्रपाळीला वीज आली की पाणी द्यायला त्याला उसाच्या कडेने जावे लागते. दिवसा वीज द्या म्हणून गावाने किती निवेदने दिली ते त्याने बोटांवर मोजून दाखवले. आणि बांधापलीकडे ऊसतोड मजुरांच्या अकरा कोप्या पडल्या होत्या. पाचटाच्या, दार नसलेल्या. माणसे पहाटे तीनला तोडीला जातात, पोरे तिथेच झोपलेली. “आमचा गोठा बंद झाला,” तो म्हणाला, “आता त्यो तिकडं जाईल, असं मला रोज वाटतं. त्यांच्या कोप्यांना जाळी कोण बशिवणार? कारखान्याला सांगितलं, तर मुकादमाला सांगा म्हणत्यात. मुकादम म्हणतो, सहा महिन्यांची तर वस्ती.”

मग त्याने विचारले, शेळ्यांना कर्ज मिळते तसे जाळीला मिळते का? मी माझ्या जुन्या शाखेत फोन लावला. एका तरुण अधिकाऱ्याने अदबीने सांगितले, शेळीपालनाच्या योजनेत शेडचा खर्च बसतो, नुसत्या जाळीचा बसत नाही, आणि दुसऱ्याच्या जमिनीवर तात्पुरत्या झोपड्यांसाठी तर कशातच बसत नाही. मी त्याला म्हटले, अर्ज तरी घ्या. नातवाच्या ओट्यावर बसून आम्ही दोघांनी तो लिहिला. कोप्यांची संख्या अकरा, मुले एकोणीस, पैकी पाच वर्षांखालील आठ. अर्जदार म्हणून कोणाचे नाव घालायचे यावर अडलो. मजुरांपैकी कोणाकडे इथला पत्ता नव्हता. शेवटी त्याने स्वतःचे नाव घातले आणि जामीनदाराच्या रकान्यात मी सही केली.